जमिनीत मुरलेलं तेल: उपसायचं किती, सोडायचं किती

२० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, बेमिजी गावाजवळच्या जंगलात कच्चं तेल नेणारी जमिनीखालची पाइपलाइन फुटली. साधारण १७ लाख लिटर तेल बाहेर पडलं. दाबामुळे काही तेल हवेत उडून आजूबाजूला पसरलं, बाकीचं उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचलं. साचलेलं तेल पंपाने उचललं गेलं, तेलकट माती खणून नेली, काही तेल जागेवरच जाळलं. एवढं करूनही सुमारे ४ लाख लिटर तेल वाळूत मुरलं आणि सहा ते आठ मीटर खोलीवरच्या भूजलापर्यंत पोचलं.

तेलगळती जगात कुठे ना कुठे सतत होत असते. बेमिजीचं महत्त्व नंतरच्या काळात आहे. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ही जागा अभ्यासासाठी हाती घेतली. त्यामुळे चाळीसहून जास्त वर्षं जमिनीखालच्या तेलाचं काय होतं, याची सलग नोंद आज आपल्याकडे आहे. तेलाने खराब झालेली माती आणि पाणी कसं तपासायचं, कसं साफ करायचं, यावर आज जे बोललं जातं त्यातलं पुष्कळसं या एका जागेवर पारखून घेतलेलं आहे. म्हणून ही गोष्ट तिच्याच आधाराने सांगतो. आपल्या पेट्रोल पंपांखाली, डेपोखाली आणि कारखान्यांच्या डिझेल टाक्यांखाली घडतं ते मुळात याहून फार वेगळं नसतं. खडक वेगळा असतो, आणि त्याने बराच फरक पडतो. ते पुढे येईलच.

तेल खाली जातं तेव्हा

पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा कच्चं तेल, सगळी पाण्यापेक्षा हलकी. टाकी किंवा नळी गळली की तेल आधी कोरड्या मातीतून सरळ खाली उतरतं. वाटेत मातीच्या कणांमधल्या बारीक फटी त्यातला काही भाग धरून ठेवतात. कपडा कितीही पिळला तरी ओलसर राहतो, तसं हे तेल पंपाने ओढून निघत नाही. गळती थोडी असेल तर सगळं तेल असंच वाटेत अडकतं आणि पाण्यापर्यंत पोचतही नाही. जास्त असेल तर उरलेलं भूजलाच्या पातळीवर येऊन थांबतं आणि आडवं पसरू लागतं.

नदीवर तवंग दिसतो तसा जमिनीखाली तेलाचा स्वच्छ, वेगळा थर नसतो. त्याच फटींमध्ये थोडं पाणी, थोडं तेल, थोडी हवा अशी सरमिसळ असते. त्यातच भूजलाची पातळी वर्षभर हलत राहते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेलही त्याच्यासोबत उतरतं, पावसाळ्यात पाणी वर आलं की काही तेल पाण्याखालीच अडकून राहतं. दरवर्षी असं वर-खाली होत गेलं की दोन-चार मीटर जाडीची माती तेलाने माखून निघते. मे महिन्यात तळ गाठणाऱ्या आणि सप्टेंबरात काठोकाठ भरणाऱ्या विहिरींच्या प्रदेशात हा माखलेला पट्टा किती जाड होत असेल, याचा अंदाज करून पाहा.

तेल जिथल्या तिथे बसलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यातली काही रसायनं पाण्यात विरघळतात आणि वाहत्या भूजलाबरोबर पुढे निघतात. पेट्रोल हे शेकडो रसायनांचं मिश्रण आहे. त्यातली चार नावं भूजलाच्या अहवालात नेहमी दिसतात: बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलिन. चौघांना मिळून बीटेक्स म्हणतात. खरी धास्ती बेंझीनची, कारण ते रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतं आणि या चौघांत पाण्यात सगळ्यात सहज विरघळतं.

जरा हिशेब करू. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनाने ९ ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन जवळपास ९ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणायला पुरेसं आहे. १० हजार लिटरचे ९० टँकर. प्रत्यक्षात सगळं बेंझीन एकदम विरघळत नाही, वर्षानुवर्षं थोडं थोडं उतरत राहतं. म्हणजे त्रास एकदाच होऊन संपत नाही, लांबतो.

डिझेल आणि रॉकेल पाण्यात कमी विरघळतात, म्हणून लांबवर कमी जातात, पण मातीत जास्त काळ टिकतात. पेट्रोलची वाफही होते. ती मातीतून वर चढून तळघरात, गटारात, विहिरीच्या पोकळीत साचते. तिथे प्रश्न आरोग्यापुरता राहत नाही, आगीचाही होतो.

विहिरीत डोकावून कळत नाही

“वास येत नाही, म्हणजे पाणी ठीक आहे” हा समज जितका जुना, तितकाच धोक्याचा. निव्वळ बेंझीनचा वास पाण्याला यायला लागतो तेव्हा त्याचं प्रमाण वर सांगितलेल्या मर्यादेच्या साधारण हजारपट झालेलं असतं. पेट्रोलमधल्या इतर रसायनांमुळे वास आधी येऊ शकतो, पण त्यावर विसंबता येत नाही. उलट वास आला, तर मात्र ते नक्की गांभीर्याने घ्यायचं.

म्हणून निरीक्षण विहिरी घेतात. विहीर म्हटलं तरी ती हातभर रुंदीचीही नसते. बोअर घेऊन त्यात जाळीदार नळी उतरवलेली असते. एका विहिरीने फक्त त्या जागेची स्थिती कळते. भूजल कुठल्या दिशेला वाहतंय हे कळायला किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. तिन्हींतल्या पाण्याची उंची मोजली की उतार निघतो. हा उतार जमिनीवरच्या उतारासारखाच असेल असं नाही. शेजारी कोणी मोठ्या बोअरने उपसा करत असेल तर पाणी त्याच्याकडे वळतं. एक विहीर गळतीच्या वरच्या अंगाला हवी, म्हणजे दूषण आपल्याकडचं की मागून आलेलं, हा वाद मिटतो. बाकीच्या खालच्या अंगाला. आणि शेवटची अशा ठिकाणी, जिथे आज काहीही सापडत नाही. स्वच्छ पाण्याच्या विहिरीवर खर्च कशाला, असं विचारलं जातं. दूषित पट्टा पुढे सरकला तर पहिली खबर तीच देणार असते.

नळीची जाळी कुठे आहे याला फार महत्त्व असतं. ती पूर्णपणे पाण्याखाली असेल तर वर तरंगणारं तेल विहिरीत येणारच नाही आणि अहवाल खोटा दिलासा देईल. जाळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे हवी. आणि ‘पातळी’ म्हणजे उन्हाळ्याची की पावसाळ्याची, हे आधी विचारायला हवं. आणखी एक गफलत नेहमी होते. विहिरीत तेलाचा थर हातभर दिसला म्हणून आसपासच्या मातीतही तेवढाच थर आहे, असं नसतं. विहीर ही मोकळी जागा असल्याने तेल तिच्यात येऊन साचतं, आणि तिथली जाडी मातीतल्या खऱ्या साठ्याच्या कितीतरी पट दिसू शकते. गळतीच्या बातम्यांमधले आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं.

नमुना घेणं हीही नाजूक गोष्ट. बेंझीन उडून जाणारं असल्याने बादली टाकून पाणी ओढलं आणि बाटलीत ओतलं, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं हवेत गेलेलं असतं. त्यासाठी पाणी हळूहळू उपसून छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत आणि बर्फात ठेवून पाठवतात. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेल्या नमुन्याचा ‘काही आढळले नाही’ हा निकाल मी तरी मानणार नाही.

खाली काम कोण करतं

आता बेमिजीकडे परत. भूजल ज्या वेगाने वाहत होतं त्यावरून हिशेब केला, तर विरघळलेली रसायनं १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास पुढे जायला हवी होती. प्रत्यक्षात दूषित पट्ट्याचं टोक २०० मीटरच्या आसपासच होतं. वाटेत कोणीतरी ती रसायनं संपवत होतं.

ते जीवाणू होते. बाहेरून आणून सोडलेले नव्हते. मातीत आधीपासूनच असलेले. तेलातला कार्बन हे त्यांचं अन्न. ते पचवताना त्यांना ऑक्सिजन लागतो, पण तेलाजवळचा ऑक्सिजन लवकरच संपतो. मग ते नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीज आणि वाळूच्या कणांवर बसलेलं लोह, मग सल्फेट; आणि हे काहीच उरलं नाही की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. ऑक्सिजनशिवाय बेंझीन मोडत नाही, असं एके काळी बहुतेकांना वाटायचं. ते लोहाच्या साहाय्याने मोडतं, हे प्रत्यक्ष जागेवर पाहायला मिळालं त्यात बेमिजीचा मोठा वाटा आहे.

यातून तपासणीची एक वेगळीच पद्धत निघाली. फक्त बेंझीन किती आहे हे मोजायचं नाही, जीवाणूंनी काम केल्याच्या खुणाही मोजायच्या. पाण्यातला ऑक्सिजन घटलाय का, नायट्रेट आणि सल्फेट कमी झालंय का, विरघळलेलं लोह वाढलंय का, मिथेन आहे का. या खुणा असतील तर रसायनं खरोखर मोडली जाताहेत. नसतील तर आकडा घटण्याचं कारण दुसरं असू शकतं, कदाचित पाऊस पडून नुसतंच पातळ झालं असेल. बेमिजीला पुढे जमिनीच्या पृष्ठभागावरूनही मोजमाप झालं. खालून वर चढणारा मिथेन वाटेत ऑक्सिजन भेटताच कार्बन डायऑक्साइड होतो, त्यात उष्णता निघते. त्यामुळे तेल असलेल्या जागेवर जमिनीतून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि जमीन आतून आजूबाजूपेक्षा जरा उबदार असते. या दोन्हींवरून वर्षाला किती तेल कमी होतंय याचा अंदाज बांधता येतो, तोही एकही लिटर न उपसता.

पण ही बाजू इथेच थांबवली तर अर्धवट राहील, आणि तेल कंपन्यांच्या सादरीकरणांत ती बरेचदा इथेच थांबते. वाळूतलं वापरण्याजोगं लोह काही अमर्याद नाही. बेमिजीला तेलाजवळचं लोह संपत गेलं तसा दूषित पट्टा हळूहळू पुढे सरकत राहिला. लोह विरघळताना त्याला चिकटलेलं नैसर्गिक आर्सेनिकही मोकळं होऊन पाण्यात आलं; म्हणजे तेलात जे नव्हतं तेही तेलामुळे पाण्यात उतरलं. आणि जीवाणू तेल अर्धवट मोडतात तेव्हा जी मधली रसायनं तयार होतात, ती बेंझीनपेक्षाही लांब जाताना दिसली. नेहमीच्या बीटेक्सच्या चाचणीत ती सापडत नाहीत.

मग पंप कशासाठी?

गळती बंद करणं ही पहिली गोष्ट, आणि सांगायला संकोच वाटावा इतकी उघड. तरी गळणारी टाकी चालू ठेवून बाजूला सफाई सुरू, असंही होतं. त्यानंतर उथळ आणि जास्त खराब माती खणून काढतात. इमारतीच्या किंवा रस्त्याच्या खाली ते जमत नाही.

साचलेलं मोकळं तेल पंपाने काढतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत यात खूप मिळतं, मग मिळकत झपाट्याने घटते. बेमिजीला हेही आजमावून झालं. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या सांगण्यावरून १९९९ ते २००४ मध्ये पुन्हा तेल उपसलं गेलं. १ लाख लिटरहून जास्त तेल निघालं. पण फटींत अडकलेलं पुष्कळ तेल जागेवरच राहिलं आणि आसपासच्या पाण्यातल्या बेंझीनमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. कारण पाण्यात काय आणि किती विरघळणार हे उरलेल्या तेलात काय आहे यावर ठरतं, तेल किती लिटर उरलं यावर कमी.

पेट्रोलसारख्या उडणाऱ्या इंधनासाठी जास्त चांगली युक्ती म्हणजे हवा. भूजलाच्या वरच्या कोरड्या मातीतून पंखा लावून हवा ओढतात, तिच्याबरोबर वाफ बाहेर येते. ती कोळशाच्या गाळणीतून नेतात किंवा जाळतात. भूजलाच्या खालच्या भागात दाबाने हवा सोडली की विरघळलेलं बेंझीन वाफ होऊन वर येतं, शिवाय जीवाणूंना ऑक्सिजन मिळतो. डिझेल फारसं उडत नाही, म्हणून तिथे हवा सावकाश देतात: उडवायला नव्हे, जीवाणूंना पुरवायला. माझ्या मते पैसे खर्चायचेच असतील तर साध्या, वाळूमिश्रित मातीत यावर खर्चावेत.

खराब पाणी उपसून, साफ करून सोडणं ही सगळ्यांना पटकन पटणारी पद्धत, पण तिचा खरा उपयोग पट्टा पुढे सरकू न देण्यापुरता. पंप चालू असेपर्यंत आकडे सुंदर येतात. पंप बंद केल्यावर काही महिन्यांत फटींतलं तेल पुन्हा पाण्यात उतरतं आणि आकडे वर चढतात. त्यामुळे सफाई झाली की नाही हे पंप बंद करून, निदान वर्षभर थांबून मोजल्यावरच म्हणता येतं.

जीवाणूंची पावडर टाकून माती साफ करण्याच्या जाहिराती आपल्याकडेही दिसतात. टेरी या संस्थेने विकसित केलेलं ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूंचं मिश्रण तेलकट गाळ आणि वर काढलेली माती यांच्यावर वापरलं गेलं आहे, आणि अशा जागी, जिथे माती खालीवर करता येते, ओलावा आणि खत देता येतं, हा मार्ग चालतो. पण बारा मीटर खाली जीवाणू मुळात असतातच. कमी पडतो तो ऑक्सिजन.

सगळं इंधन सारखं नसतं

जीवाणूंच्या भरवशावर बसून चालत नाही, याचा धडा कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला मिळाला. पेट्रोल चांगलं जळावं म्हणून त्यात एमटीबीई नावाचं रसायन मिसळत. ते पाण्यात पटकन विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि सहजी मोडत नाही. १९९६ मध्ये या शहराला एमटीबीईमुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. गळती जवळपासच्या पेट्रोल पंपांच्या टाक्या आणि नळ्यांमधली होती. पुढे कॅलिफोर्नियाने पेट्रोलमध्ये हे रसायन घालायलाच बंदी केली.

आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतः जीवाणूंना फार आवडतं आणि लवकर संपतं. अडचण नेमकी तीच आहे. जीवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, आसपासचा ऑक्सिजन आणि सल्फेट त्यातच खर्च होतं, आणि बेंझीन न मोडता पुढे जात राहतं. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग हवाई तळावरच्या प्रयोगात हे दिसून आलं आहे. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या चर्चेत इथेनॉलचे फायदे-तोटे पुष्कळ मोजले जातात. टाकी गळली तर काय, हा मुद्दा मला त्यात क्वचितच दिसला.

बेमिजीची वाळू आणि आपला काळा पाषाण

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या लाव्हाच्या खडकावर आहे. इथे पाणी वाळूतून समान वेगाने झिरपत नाही. वर थोडी माती, मग मुरूम, खाली कुठे बारीक पोकळ्यांचा मऊ खडक, म्हणजे मांजऱ्या, कुठे एकसंध काळा पाषाण. पाणी चालतं ते तड्यांतून आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यांतून. तेलही त्याच वाटा धरतं. पेट्रोल पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि तीनशे मीटरवरची खराब, असं इथे सहज घडू शकतं. तीन विहिरींवरून दिशा काढायचा नियम इथे तडे कुठून कुठे गेलेत हे समजल्याशिवाय फसवा ठरतो. तड्याच्या भिंतींवर वाळूइतका पृष्ठभाग नसतो, मग तेवढे जीवाणू आणि तेवढं लोहही नसतं. शिवाय तड्यातून पाणी पळतं, जीवाणूंना वेळ मिळत नाही. म्हणून ‘निसर्ग आपोआप साफ करेल’ हे बेमिजीच्या वाळूसाठी बरंचसं खरं असलं, तरी इथे कोणी तसं म्हणालं तर त्याच जागेचे, निदान काही वर्षांचे आकडे मागावेत.

भारतात हे प्रश्न नवे नाहीत. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागातल्या बोअरवेलमधून इंधनमिश्रित पाणी येऊ लागलं, गळती जमिनीखालच्या पाइपलाइनची निघाली, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. आधी कळलं ते रहिवाशांनाच.

तेव्हा तुमच्या विहिरीला किंवा बोअरला पेट्रोल-रॉकेलचा वास आला तर काय करावं? विहिरीत कंदील, काडी किंवा उदबत्ती नेऊ नये, आत उतरू नये, तिथल्या मोटरीचं बटणही दाबू नये. ठिणगी पुरेशी असते. पाणी उकळून प्यावं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. उकळल्याने जंतू मरतात, बेंझीन मात्र वाफ होऊन स्वयंपाकघरात पसरतं. त्या पाण्याने आंघोळही टाळावी. पाणी खराब झालंय म्हणून ते उपसून टाकायचा मोह होतो, तो आवरावा. जोराचा उपसा केला की तेल आणखी तुमच्याकडे ओढलं जातं. विहीर बुजवूही नये, पुढच्या तपासणीला ती लागेल. अग्निशमन दल, ग्रामपंचायत किंवा पालिका, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय यांना लेखी कळवावं. वास कधी सुरू झाला, पाण्याची पातळी तेव्हा किती होती, आसपास कोणत्या टाक्या, नळ्या, गॅरेज आहेत, याची तारखांसह वही ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आसपासच्या विहिरींच्या पातळ्यांच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागाव्यात. आणि पाण्याची तपासणी एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा ऐन मे महिन्यात, दोन्ही वेळा करून घ्यावी. ऑक्टोबरात भरलेल्या विहिरीतलं पातळ झालेलं पाणी जे दाखवत नाही, ते तळाशी गेलेलं पाणी दाखवतं.